दहा हजार दोनशे पन्नास

दहा हजार रुपयांची एक गोष्ट महाराष्ट्रात आणि कर्नाटकात आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. १९८१ साली पुण्यात सुधा मूर्ती यांनी आपल्या शिलकीतले दहा हजार रुपये काढून नवऱ्याच्या हाती ठेवले आणि त्या भांडवलावर इन्फोसिस सुरू झाली. त्याच गोष्टीतला दुसरा आकडा मात्र फारसा कुणी सांगत नाही. त्या वेळी आपल्याजवळ एकूण दहा हजार दोनशे पन्नास रुपये होते, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं आहे. दहा हजार दिले, अडीचशे मागे ठेवले.

पहिली चांगल्या पगाराची नोकरी लागली की पैशांचं काय करायचं, हा प्रश्न दरवर्षी हुबळी-धारवाडमधल्या हजारो घरांत उभा राहतो. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुलं पंचविशी गाठायच्या आधी वडिलांच्या शेवटच्या पगाराच्या आसपास पोचतात. त्यांना सल्ला देणाऱ्यांची कमतरता नाही. बँकेतला माणूस आहे, विमा एजंट असलेले मामा आहेत, मोबाइलवर शेअर बाजार शिकवणारे तरुण आहेत. पण या प्रश्नाचं सगळ्यांत नेमकं उत्तर याच गावातून निघालेल्या एका मुलीच्या हिशेबात चार-पाच दशकांपूर्वी मांडलं गेलं आहे. त्यातल्या दहा हजारांपेक्षा बाकीचे आकडे जास्त शिकवणारे आहेत.

विद्यानगर ते पिंपरी

हुबळीच्या विद्यानगरात १९४७ साली सुरू झालेलं बी. व्ही. भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गावात त्याला सगळे ‘बीव्हीबी’ म्हणतात. आता ते केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ झालं आहे. शिग्गावात जन्मलेल्या, डॉक्टर कुलकर्णींच्या सुधा नावाच्या मुलीने साठच्या दशकाच्या अखेरीस इथे प्रवेश घेतला, तेव्हा वर्गात ती एकटीच मुलगी होती. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पदव्युत्तर शिक्षण झालं. १९७४ मध्ये टेल्कोची जाहिरात तिच्या पाहण्यात आली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असं तिच्यात छापलं होतं. तिने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं. मुलाखतीला पुण्याला बोलावणं आलं आणि टेल्कोच्या कारखान्यात पहिली महिला अभियंता म्हणून ती रुजू झाली.

ही कहाणी जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण तिच्यात एक आर्थिक बाजूही आहे. त्या काळात हुबळीच्या मध्यमवर्गीय घरातली मुलगी परगावी राहून स्वतःच्या पगाराची स्वतः मालक होणं ही दुर्मिळ गोष्ट होती. पुण्यातल्या त्या वर्षांत नारायण मूर्तींशी ओळख झाली. मूर्तींच्या खिशात तेव्हा पैसे टिकत नसत. हॉटेलात जेवण झालं की बिल सुधाताईंनी द्यायचं, मूर्तींनी नंतर फेडायचं, अशी बोली. सुधाताईंनी त्याची वही ठेवली. दोन-तीन वर्षांत ती रक्कम चार हजारांवर गेली. पैसे परत आले नाहीत आणि लग्नानंतर त्यांनी ती वही फाडून टाकली.

लग्न १९७८ च्या फेब्रुवारीत झालं. एकूण खर्च आठशे रुपये, दोघांनी चारशे-चारशे घातले. दोन वर्षांनी, १९८० मध्ये, मुलगी झाली, ती हुबळीतच. पुढच्याच वर्षी नवऱ्याने नोकरी सोडून कंपनी काढायचं ठरवलं, तेव्हा घरात वर्षभराचं मूल होतं. सुधाताईंनी दहा हजार दिले आणि वर तीन वर्षांची मुदत दिली. या तीन वर्षांत घर माझ्या पगारावर चालेल, पुढचं पुढे बघू, असा तो करार होता.

१९८१ मध्ये सोन्याचा भाव तोळ्याला सतराशे रुपयांच्या आसपास होता. म्हणजे त्या दहा हजारांत साडेपाच-सहा तोळे सोनं आलं असतं. कुठल्याही कुलकर्णी-देशपांड्यांच्या घरात त्या पैशांचं तेच झालं असतं आणि त्याला कुणी चूक म्हटलं नसतं. पण ती रक्कम मोकळी होती, स्वतःच्या नावावर होती, आणि घरखर्च त्या पैशांवर अवलंबून नव्हता. म्हणून एका संध्याकाळी कुणालाही न विचारता ‘हो’ म्हणता आलं.

पेन्शनरांच्या गावातला सल्ला

जी. ए. कुलकर्णींनी जिथल्या महाविद्यालयात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं ते धारवाड मराठी वाचकाला परकं नाही. विद्यापीठ, कचेऱ्या, न्यायालयं आणि शाळा यांच्या पगारावर वाढलेलं हे शहर पेन्शनरांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. वीस किलोमीटरवरची हुबळी व्यापाऱ्यांची आणि रेल्वेची. १९६२ पासून दोन्हींची महापालिका एक आहे, तरी पैशांकडे बघायच्या दोन रीती अजून शाबूत आहेत. हुबळीत पैसा फिरवला जातो, धारवाडात तो जपला जातो.

धारवाडच्या सल्ल्याचे तीन भाग असतात: एक विमा पॉलिसी, बँकेत मुदत ठेव आणि जमेल तेव्हा गावाबाहेर एक प्लॉट. लग्न ठरायच्या आत हे तिन्ही झालं, की मुलगा मार्गी लागला. आजच्या मुलांना हा सल्ला जुनाट वाटतो, पण तो चुकीचा नव्हता. ज्या माणसाला निवृत्तीनंतर मरेपर्यंत पेन्शन मिळणार, त्याच्या पश्चात पत्नीलाही मिळणार, त्याला महागाईवर मात करणारी गुंतवणूक शोधायची गरजच काय? महागाई भत्ता ते काम करत होता. राहिलेले पैसे कुठेही ठेवले तरी चालत होतं, फक्त उडवायचे नव्हते.

ही पायाखालची जमीन सरकली त्याला वीस वर्षं होऊन गेली. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ नंतर आणि कर्नाटक सरकारने १ एप्रिल २००६ नंतर नोकरीत आलेल्यांसाठी जुनी पेन्शन बंद केली. खासगी नोकरीत तर ती कधी नव्हतीच. वडिलांच्या सल्ल्यामागे पेन्शनचा आधार होता आणि मुलाच्या पगारामागे तो नाही, एवढं दोघं एकदा समोरासमोर बसून बोलले तरी घरातले निम्मे वाद मिटतील. ‘बाबा, तुमची पॉलिसी तुमच्या काळात बरोबर होती’ हे म्हणायला लाज वाटू नये, आणि ‘मग तुझं म्हातारपण कशावर?’ हा बाबांचा प्रश्न मुलाने हसण्यावारी नेऊ नये.

पंचाहत्तर हजार आणि साडेछप्पन हजार

पहिला गैरसमज नेमणूकपत्रातच असतो. समजा, एका मुलीला वर्षाला नऊ लाखांचं पॅकेज मिळालं. घरात लगेच भागाकार होतो: महिना पंचाहत्तर हजार. पेढे वाटले जातात आणि नातेवाइकांत तोच आकडा जातो. प्रत्यक्षात त्या नऊ लाखांत बऱ्याच गोष्टी कोंबलेल्या असतात.

मूळ वेतन पॅकेजच्या निम्मं, म्हणजे महिना ३७,५०० धरू. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग दहा टक्के असेल, तर वर्षाचे ९०,००० वर्षअखेरीस मिळतील किंवा त्यातले थोडेच मिळतील. भविष्यनिर्वाह निधीत (पीएफ) कंपनीचा १२ टक्के वाटा महिना ४,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ५४,०००; तोही पॅकेजमध्येच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीसाठी साधारण ४.८१ टक्के धरतात, त्याचे वर्षाला २१,६०० च्या घरात. हे सगळं वजा केलं की महिन्याचे ६१,००० च्या थोडे वर उरतात. त्यातून मुलीचा स्वतःचा पीएफचा वाटा ४,५०० आणि कर्नाटकातला व्यवसायकर महिना २०० गेला की खात्यावर साडेछप्पन हजार जमा होतात. आयकराचा यात संबंध नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला ७५,००० च्या प्रमाणित वजावटीसह १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर पडत नाही.

पंचाहत्तर आणि साडेछप्पन यांत साडेअठरा हजारांचा फरक आहे. घरातली अपेक्षा पहिल्या आकड्यावर बेतलेली असते, जगायचं असतं दुसऱ्यावर. ताण इथून सुरू होतो. म्हणून पहिल्या पगारानंतर पगारपत्रक छापून आई-वडिलांसमोर ठेवावं. आकडा छोटा दिसेल, पण तो खरा असेल.

या हिशेबात एक चांगली बातमीही लपलेली आहे. मुलीचे ४,५०० आणि कंपनीचे ४,५०० असे नऊ हजार दरमहा तिच्या नावाने पीएफमध्ये जातात. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालं. पगार एक रुपयाही वाढला नाही आणि व्याजदर हाच राहिला, तरी पाच वर्षांत ही रक्कम साडेसहा लाखांच्या आसपास जाते. अट एकच. नोकरी बदलताना हे पैसे काढायचे नाहीत, त्याच यूएएन क्रमांकावर नव्या कंपनीकडे वळते करायचे. पाच वर्षांची सलग नोकरी होण्याआधी काढले तर त्यावर करही लागतो. तरीही पहिल्या नोकरीतला पीएफ काढून मोटारसायकल किंवा नवा फोन घेणारे कमी नाहीत. काही कंपन्या पीएफ कायद्यातल्या १५,००० च्या मर्यादेवरच कापतात, म्हणजे महिना १,८००. तेव्हा हातात जास्त येतं, पण ते ‘जास्त’ खरं तर बचतीतून आलेलं असतं, हे ओळखायला हवं.

पिग्मीवाला आणि एसआयपी

बेळगाव, कोल्हापूर, हुबळी या पट्ट्यात पिग्मी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. संध्याकाळी दुकानाच्या फळीशी येऊन रोजचे दहा-वीस रुपये घेणारा आणि पुस्तकात नोंद करणारा माणूस तीन पिढ्यांनी पाहिला आहे. ही पद्धत आली उडुपीहून. तिथे १९२५ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेने १९२८ मध्ये रोज दोन आणे दारावर जाऊन गोळा करायची योजना काढली. विणकर, कोळी, छोटे दुकानदार यांच्याकडे महिन्याअखेरीस काहीच उरत नाही, पण रोज दोन आणे निघू शकतात, हे तिच्या चालकांनी ओळखलं. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. पिग्मी मात्र सहकारी बँकांत आणि पतसंस्थांत अजून आहे.

या भागाला काटकसरीची त्याहून जुनी परंपराही आहे. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर देशातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी एक १९०५ मध्ये कणगिनहाळ या खेड्यात स्थापन झाली. हे खेडं आज गदग जिल्ह्यात येतं, तेव्हा धारवाड जिल्ह्यात होतं. सिद्धनगौडा पाटील यांनी ती उभी केली. शेतकऱ्याची छोटी शिल्लक एकत्र आली तर सावकाराचं दार टाळता येतं, एवढाच त्यामागचा विचार होता.

पिग्मीचं यश व्याजात नव्हतं. पैसे खर्चायच्या आधी कुणीतरी येऊन नेत होतं, यात होतं. आज म्युच्युअल फंडातली एसआयपी तेच काम करते. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभरातून एका महिन्यात एसआयपीने जमा होणारी रक्कम पहिल्यांदा २५,००० कोटींच्या वर गेली. फरक एवढाच की पिग्मीत मुद्दल खाली येत नसे, शेअर बाजारातल्या फंडात ते येऊ शकतं. म्हणून दोन गोष्टींचा क्रम चुकता कामा नये. आधी हाताशी ठेवायचे पैसे बँकेत साठवावेत. शेअर बाजारात त्यानंतर जावं, आणि तेही पाच-सात वर्षं हात न लावण्याच्या तयारीने. जोखीम नको असणाऱ्यांसाठीच्या पंधरा वर्षांच्या पीपीएफचा व्याजदर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. तिथे वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, पण सरकारची हमीही आहे.

परंपरेचा एक धोकाही इथेच सांगायला हवा. ओळखीच्या सौहार्द संस्थेत किंवा पतसंस्थेत एक-दीड टक्का जास्त व्याज मिळतं म्हणून पैसे ठेवायची सवय या पट्ट्यात खोल आहे. बँकेतल्या ठेवींवर, सहकारी बँकांतल्याही, फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे. सौहार्द संस्था आणि पतसंस्था या छत्राबाहेर आहेत. संचालक वडिलांचे मित्र असले तरी हा नियम बदलत नाही.

एक पगार, दोन घरं

हुबळी-धारवाडच्या मुलांचा हिशेब मुंबईतल्या मुलापेक्षा वेगळा असतो. कारण नोकरी सहसा गावात नसते. शुक्रवारी रात्री बंगळुरूहून आणि पुण्याहून सुटणाऱ्या हुबळीच्या बस भरलेल्या असतात, रविवारी रात्री उलट दिशेने तेवढ्याच. २०२३ पासून धारवाड-बंगळुरू आणि सप्टेंबर २०२४ पासून पुणे-हुबळी वंदे भारत धावते आहे. पगार एक आणि घरं दोन, ही इथली रीत आहे.

साडेछप्पन हजारांचाच हिशेब पुढे नेऊ. महिन्याच्या दोन तारखेलाच १५,००० वेगळ्या खात्यात गेले. घरी १०,००० पाठवले. मैत्रिणीबरोबर घेतलेल्या घराच्या भाड्याचा आणि विजेचा वाटा १४,०००, जेवण आणि प्रवास १०,०००. उरले साडेसात हजार. ते कसेही खर्चावेत, त्याचा जाब स्वतःलाही विचारू नये. या मांडणीत आकड्यांपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. पंधरा हजार शेवटी उरतील म्हणून वाट पाहिली, तर ते कधीच उरत नाहीत. शैक्षणिक कर्ज असेल तर त्याचा हप्ता पहिल्या ओळीत येतो, कारण शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असतं. बंगळुरूला घर घेताना द्यावी लागणारी अनामत अनेक महिन्यांच्या भाड्याएवढी असते. ती बहुधा वडील भरतात. ते पैसे कर्जच आहेत असं समजून वर्षभरात परत करावेत. घेतले नाहीत तर त्यांच्या नावे ठेव करावी.

घरी किती पाठवायचं, हा सगळ्यांत अवघड प्रश्न. आपल्याकडे तो विचारला जात नाही. मुलगा आकडा ठरवतो, वडील ‘कशाला रे’ म्हणतात, आई गप्प बसते आणि दोन महिन्यांनी भावाच्या फीसाठी फोन येतो. त्यापेक्षा पहिल्याच महिन्यात नक्की आकडा ठरवावा आणि तो तारखेला पोचवावा. अनियमित पंधरा हजारांपेक्षा नियमित दहा हजारांवर घर जास्त चांगलं चालतं. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. लग्नाआधीचा पगार लग्नाच्या दागिन्यांसाठी आहे, हे अनेक घरांत न बोलताच ठरलेलं असतं. मूर्तींचं लग्न आठशे रुपयांत झालं म्हणूनच तीन वर्षांनी दहा हजार शिल्लक होते, असा सरळ हिशेब कुणी मांडत नाही, पण तो तसाच आहे.

आता एक उलटी वाटही उघडली आहे. हुबळी विमानतळासमोर गोकुळ रोडवर इन्फोसिसचं केंद्र २०२२ मध्ये सुरू झालं. २०२४ मध्ये कंपनीने बाहेरच्या केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांना हुबळीला बदली घेण्यासाठी पदानुसार कमाल आठ लाखांपर्यंतचा भत्ता देऊ केल्याच्या बातम्या आल्या. एके काळी जिथून निघून जाणं हीच प्रगती होती, तिथे यायला पैसे मिळू लागले. गावात राहिलं तर वरच्या हिशेबातले भाड्याचे चौदा हजार वाचतात आणि बचत जवळजवळ दुप्पट होऊ शकते. प्रत्यक्षात ती होत नाही, कारण वाचलेल्या भाड्याएवढाच मोटारीचा हप्ता वर्षभरात सुरू होतो. गावात राहायचा आर्थिक फायदा पहिल्या मोटारीपर्यंतच टिकतो, हे हप्त्यावर सही करायच्या आधी आठवलं तर बरं.

वही आता फोनमध्ये

चार हजारांच्या त्या वहीकडे पुन्हा पाहावंसं वाटतं. ज्याच्याशी लग्न करायचं त्या माणसाच्या जेवणाचाही हिशेब ठेवणं कुणाला कोरडेपणाचं वाटेल. पण हिशेब ठेवला म्हणूनच तो फाडून टाकण्याला अर्थ आला. किती दिलं हे ठाऊक असताना सोडून देणं हा उदारपणा आहे. ठाऊकच नसेल तर ते नुसतं विसरणं आहे.

आज वही लिहायची गरज उरलेली नाही. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने प्रत्येक चहाची नोंद आपोआप होते. पण नोंद होणं आणि ती वाचणं वेगळं. नोटा मोजून देताना हात थोडा आखडतो, फोन पुढे करताना तसं होत नाही. महिन्यातून एकदा, पगाराच्या आदल्या दिवशी, बँकेचं विवरण काढून अर्धा तास वाचलं, तर कुठलंही बजेट ॲप लागत नाही. मित्रांना दिलेले उसने पैसेही तिथेच दिसतात. परत मागायचे, की वही फाडायची, हे मग ठरवता येतं.

वाचल्यावर दोन गळत्या हमखास सापडतात. पहिली क्रेडिट कार्डाची. पगाराचं खातं उघडलं, की लगेच कार्ड आणि ‘पूर्वमंजूर’ कर्जाचे संदेश येतात. बिलातली फक्त किमान रक्कम भरली, तर उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. कणगिनहाळच्या शेतकऱ्यांना ज्याच्यापासून सुटका हवी होती, तो सावकारही या दराला लाजला असता.

दुसरी गळती शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सची. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. २०२३-२४ मध्ये या खेळात उतरलेल्यांत तिशीखालचे ४३ टक्के होते. अनेकांचा पहिल्या वर्षाचा पगार इथे गेला असणार. हा तोटा घरी सांगता येत नाही, म्हणून तो भरून काढायला आणखी पैसे घातले जातात.

मागे ठेवलेले अडीचशे

अडीचशे रुपये मागे ठेवायची सवय सुधाताईंना आईकडून मिळाली होती. अडीअडचणीसाठी काही पैसे कायम बाजूला असावेत, ते नवऱ्यालाही सांगू नयेत, असं आईने शिकवल्याचं त्या सांगतात. डाळीच्या डब्यात नोटा ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हे शास्त्र तोंडपाठ होतं. त्या पैशांवर व्याज मिळत नव्हतं आणि त्यांना ते नकोही होतं.

आजच्या मुलीसाठी त्या डब्याचा आकडा काढता येतो. वरच्या हिशेबात भाडं, जेवण, प्रवास, घरचा वाटा आणि थोडं वरखर्चाला धरलं तर महिन्याला ३६,००० लागतात. सहा महिन्यांचे दोन लाख सोळा हजार. दरमहा पंधरा हजारांनी ते साठायला सव्वा वर्षाच्या आसपास लागतं. तोवर एसआयपी, शेअर, प्लॉट काहीही नाही. हे कंटाळवाणं आहे, पण नोकरी किती डळमळीत असते हे आयटीतल्या मुलांनी अलीकडेच पाहिलं. २०२२ मध्ये नेमणूकपत्रं मिळालेल्या कित्येकांना रुजू व्हायची तारीख २०२४ उजाडेपर्यंत मिळाली नव्हती. प्रशिक्षणाच्या परीक्षेत नापास झाल्यावर घरी पाठवलेलेही आहेत.

कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबरच संपतो, म्हणून आई-वडिलांसाठी आणि स्वतःसाठी वेगळी पॉलिसी लवकर घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. घरी पाठवलेल्या पैशांवर कुणी अवलंबून असेल तर साधा टर्म विमा घ्यावा. परतावा देणारी पॉलिसी मामांच्या आग्रहाखातर घेऊ नये. मामांना घरी जेवायला बोलवावं, ते स्वस्त पडतं.

तीन वर्षांची मुदत

इन्फोसिसची कथा वाचताना एक सावधगिरी बाळगायला हवी. ती आपल्याला ठाऊक आहे, कारण ती कंपनी टिकली. त्याच वर्षी कितीतरी बायकांनी नवऱ्यांच्या धंद्यात शिलकी घातल्या असतील, त्यांची नावं कुठेही नाहीत. खुद्द इन्फोसिसलाही बारा वर्षांनंतर लोक ओळखत नव्हते. १९९३ मध्ये ९५ रुपये भावाने आलेल्या तिच्या समभागांना पुरेसे घेणारेच मिळाले नाहीत आणि मॉर्गन स्टॅनलीने १३ टक्के हिस्सा घेऊन ती विक्री तडीस नेली. तेव्हा ‘दहा हजारांचे अब्जावधी झाले’ हा या गोष्टीचा धडा असू शकत नाही. तो नशिबाचा भाग आहे आणि नशिबाचं नियोजन होत नाही.

नियोजनाचा भाग वेगळा होता. समजा, १९८४ मध्ये ती कंपनी बुडाली असती. दहा हजार गेले असते. सुधाताईंचा पगार चालू असता, मूर्तींना दुसरी नोकरी मिळाली असती आणि कुणाचंही देणं डोक्यावर नसतं. गेलेली रक्कम परवडणारी होती, घर एका पगारावर चालत होतं, प्रयोगाला तीन वर्षांची हद्द होती. निर्णय फसला असता तरी तो शहाणपणाचाच ठरला असता.

पहिल्या पगाराची बचत ही म्हातारपणासाठी असते असं आपण मुलांना सांगतो आणि ती ऐकत नाहीत. बावीस वर्षांच्या मुलीला साठाव्या वर्षाचं चित्र दिसत नाही, यात तिचा दोष नाही. तिला तिशीच्या आतल्या गोष्टी सांगाव्यात. कधीतरी कामाचा छळ असह्य होईल आणि राजीनामा द्यावासा वाटेल. कधी वडिलांचं ऑपरेशन निघेल आणि महिनाभर धारवाडला राहावं लागेल. कधी एखादी मैत्रीण म्हणेल, आपण दोघी मिळून काहीतरी सुरू करू. कधी चांगलं स्थळ येईल आणि नकार द्यावासा वाटेल. अशा प्रत्येक वेळी स्वतःचं मत असणं पुरेसं नसतं. त्या मताची किंमत मोजायला पैसे लागतात.

म्हणून पहिली पगारवाढ हातात येते त्या दिवशी, नवं काही विकत घ्यायच्या आधी, प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: उद्या नोकरी नसेल, तर घरच्यांकडे एक रुपया न मागता मी किती महिने काढू शकेन? उत्तर सहापेक्षा कमी असेल, तर सगळी वाढ बचतीत जावी. सहापेक्षा जास्त असेल, तर निम्मी वाढ मजेत उडवावी, इलकलची साडी आईला घ्यावी, फिरायला जावं. उत्तर छत्तीस झालं, की एखाद्याला तीन वर्षांची मुदत द्यायची ताकद आली असं समजावं. ती मुदत जोडीदाराला द्यायची, भावंडाला द्यायची की स्वतःलाच, हे मात्र ज्याचा पगार त्याने ठरवावं.